हिंगाची डबी धुवायची नसते

आईच्या घरी गेले की मी कोट गाडीतच काढून ठेवते. बाहेर कितीही गारठा असो, डिकी उघडायची, कोट घडी करून आत ठेवायचा आणि नुसत्या स्वेटरवर कुडकुडत दारापर्यंत पळायचं. नवरा हसतो. म्हणतो, तुझ्या आईच्या घरातल्या हुकांना काटे आहेत का? चाळीस वर्षांची सवय आहे, आणि तिचं कारण सांगायला बसले तर मलाच माझी लाज वाटेल.

गेल्या शनिवारी स्लाऊला गेले ती घर आवरायला. आई आता माझ्याकडे केंब्रिजला राहायला येणार. ऐंशी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, जिना चढवत नाही. चाळीस वर्षं हॉस्पिटलात रात्रंदिवस बाळंतपणं केलेली बाई, तिला खुर्चीवर बसवून "तू फक्त सांग, मी भरते" म्हणणं म्हणजे तिचा अपमानच. ती खुर्चीवर बसली खरी, पण हुकूम थांबेनात. ते पातेलं उलटं ठेव. त्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळ, नुसत्या नकोत. आणि मग मी ओट्यावरचं कपाट उघडलं तेव्हा म्हणाली, "त्या डब्यांना हात लावू नकोस. त्या मी मांडीवर घेऊन बसणार गाडीत."

त्या डब्या म्हणजे फिल्मच्या डब्या. काळ्या प्लॅस्टिकच्या, करड्या झाकणाच्या, अंगठ्याएवढ्या उंचीच्या. आजच्या पोरांना दाखवल्या तर औषधाच्या वाटतील. आमच्या काळात इथल्या आपल्या लोकांच्या प्रत्येक घरात त्या असायच्या. कॅमेऱ्यात रीळ गेलं की डबी स्वयंपाकघरात. केशर, जायफळाची पूड, कुंकू, वेलदोडे, सगळं तिच्यात. झाकण असं घट्ट की वास बाहेर जायचा नाही. आईकडे तीन ओळी होत्या, आणि प्रत्येक झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीवर इंग्रजी ठळक अक्षरं. मी सहज एक उचलून उघडली. हिंग. नाकात गेला आणि मी सतरा वर्षांची झाले, शाळेच्या डार्करूमच्या दाराला पाठ टेकून उभी.

आमच्या शाळेचा सिक्स्थ फॉर्म म्हणजे शेवटची दोन वर्षं. शाळा संपता संपता सगळ्यांना अचानक आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं, ती वर्षं. ऐंशीच्या दशकाचा मध्य. आमच्यासाठी वेगळी कॉमन रूम होती. फाटके सोफे, कधी न पुसलेली किटली, करपलेल्या टोस्टचा वास, आणि वारा ट्रेडिंग इस्टेटकडून, म्हणजे गावातल्या कारखान्यांच्या वसाहतीकडून, असला की खिडकीतून येणारा चॉकलेटच्या फॅक्टरीचा गोड वास. प्रत्येकाचा एक क्लब होता आणि माणसं हळूहळू आपल्या क्लबासारखी वागायला लागली होती. नाटकाच्या क्लबाचे दिवे सांभाळणारा हरजीत खिशात कायम चिकटपट्टीचं बंडल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरायचा, कोणाची बॅग फाटली की तिथल्या तिथे दुरुस्ती. वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी गॅरी साधं दूध मागतानासुद्धा तीन मुद्दे मांडायचा. आणि फोटोग्राफी क्लबाची प्रेसिडेंट डेनिस कमी बोलायची आणि माणसाकडे बघताना एक डोळा बारीक करायची.

डेनिस उंच, हाडकुळी. बाप बस चालवायचा, आई नव्हती, का ते मी कधी विचारलं नाही. तिच्या बोटांना सतत हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या फिक्सरचा, वास. डार्करूमची चावी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात घालायची. मी त्या क्लबाची सेक्रेटरी. मला फोटो फारसे काढता येत नसत, पण रीळ कोणाचं, कधी काढलं, कुठल्या डबीत, हे वहीत लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. डेनिस म्हणायची, "सुल, तू नसतीस तर मी माझं डोकंही कुठेतरी ठेवून विसरले असते." सुलभाचं सुल तिनेच केलेलं. नऊ वर्षांची असताना पुण्याहून आले तेव्हापासून माझ्या नावाची इथे दैना झाली होती. डेनिसने ते निदान प्रेमाने तोडलं.

आता कोटाचं सांगते. त्या सप्टेंबरात एकदा मी कोट कॉमन रूमच्या खुंटीला लावला आणि गॅरीने नाक चिमटीत धरलं. अख्खं भाषण केलं. कोट कुठल्या देशातून आला, वाटेत काय काय शिजलं. सगळे हसले. मीही हसले, हेच मला अजून टोचतं. डेनिस उठली, तिने गॅरीची बॅग उचलून कॉरिडॉरमध्ये भिरकावली आणि परत येऊन टोस्ट खायला लागली. त्या दिवसापासून मी घरी कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खोलीत ठेवायला लागले. आई फोडणी करायला लागली की मी धावत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावायची. आईला वाटायचं, पोरगी अभ्यासाला बसली.

डेनिस मात्र आमच्या घरी यायची ती थेट स्वयंपाकघरात. आईने तिला पहिल्यांदा वरण-भात वाढला तेव्हा तिने दोनदा मागून घेतला. "आँटी, यात तो वास कसला?" आईला काय, कोणी विचारायचीच खोटी. डबी उघडून तिच्या नाकाखाली धरली. डेनिसने डोळे मिटून वास घेतला, खोकली, आणि परत घेतला. म्हणाली, "घाण आहे. आणि छान आहे." आई तिला हिंगाचे नियम सांगायला लागली. चिमूटभरच घालायचा. तेल तापल्यावर घालायचा. आणि हिंगाची डबी कधी धुवायची नसते, पाणी लागलं की पुढच्या हिंगाचे गोळे होतात. कोरड्या फडक्याने पुसायची. मी टेबलाखाली पाय आपटत होते, ही बाई कधी थांबते म्हणून.

डिसेंबरात आमचा सिक्स्थ फॉर्म गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जेवण घालायचा. शाळेचा जुना रिवाज. हॉलमध्ये कागदी टेबलक्लॉथ, टर्की, डोक्यावर कागदी मुकुट. सगळे क्लब कामाला जुंपलेले. डेनिसने ठरवलं होतं की त्या जेवणाचे फोटो घेऊन ती लंडनच्या आर्ट कॉलेजच्या इंटरव्ह्यूला जाणार. जेवणानंतर बरोबर अकरा दिवसांनी इंटरव्ह्यू. चांगले सहा प्रिंट हवे होते. बाप म्हणत होता, इस्टेटवर नोकरी बघ. तिने त्याच्याशी पैज मारावी तसं सांगितलं होतं, मला एकदा तिथे जाऊ दे, नाही घेतलं तर तू म्हणशील ते. तेव्हा त्या सहा फोटोंवर तिचं सगळं होतं, आणि मला ते पक्कं माहीत होतं.

जेवणाच्या आदल्या दिवशी क्लबात डब्या कमी पडल्या. पडणारच, मीच तर एकेक करून आईला नेऊन दिल्या होत्या. आम्ही लांब फिल्म आणून जुन्या रिळांत भरत असू, नव्या डब्या येणार कुठून? म्हणून जेवणाच्या दिवशी सकाळी घरून निघता निघता मी ओट्यावरून तीन रिकाम्या डब्या उचलल्या. रिकाम्या होत्या, पुसलेल्या होत्या, मी झाकण उघडून बघितलंसुद्धा. बघितलं, पण हुंगलं नाही. उशीर झाला होता, बस चुकली असती. डेनिसने तीन रिळं काढली. मी नंबर घालून तीन डब्यांत ठेवली. मधलं रीळ सगळ्यात चांगलं, ती म्हणाली. एक म्हातारा कंडक्टर होता, तिच्या बापाबरोबर पूर्वी काम केलेला, तो मुकुट घालून एकटाच गात होता. ते सगळं त्या मधल्या रिळात.

दुसऱ्या दिवशी लंचच्या सुट्टीत आम्ही डार्करूममध्ये गेलो. गॅरीही आत घुसला, त्याला त्याच्या मंडळाचा फोटो हवा होता. आमची रिळं इतकी जुनी की फिल्म बाहेर येते त्या तोंडाला उजेड अडवायला लावलेली मखमल झिजलेली, उजेड आत जायचा. त्यामुळे डबीसुद्धा अंधारातच उघडायची, असा क्लबाचा नियम. दिवा बंद, मी दाराला पाठ लावून उभी, आणि जो फिल्म धुवायच्या टँकमध्ये भरतो त्याच्याशिवाय कोणी बोलायचं नाही. पहिलं रीळ गेलं. "आत," डेनिस म्हणाली. मग दुसऱ्या डबीचं झाकण टक करून उघडलं.

वास आला. आधी माझ्यापर्यंत आला की गॅरीपर्यंत, देव जाणे. अंधारात काही दिसत नाही तेव्हा वासाला केवढी जागा मिळते. गॅरी म्हणाला, "ई, हे काय आहे? कसला वास येतोय?" डेनिसने बोटं एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज आला. मग ती म्हणाली, "फिक्सर. नवीन बाटली आहे." आणि फिल्म टँकमधल्या चक्रीवर चढायचा सरसर आवाज सुरू झाला. नेहमीपेक्षा फार हळू. "आत," ती म्हणाली. मी स्वतःची समजूत घातली की तिला खरंच फिक्सर वाटलं असेल.

फिल्म धुऊन वाळत लटकवली तेव्हा मधल्या रिळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे होते. बारीक, सरळ, एकाशेजारी एक. हिंगाचे कण मखमलीत अडकले होते आणि अख्खी फिल्म त्यांच्यावरून ओढली गेली होती. म्हाताऱ्या कंडक्टरच्या तोंडावरून रेघा. केमिस्ट्रीचे प्रिचर्ड सर क्लब बघायचे. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि निकाल दिला: पाणी निपटायचा रबरी चिमटा कोणीतरी साफ केला नाही. निष्काळजीपणा. प्रेसिडेंट कोण? त्यांनी हात पुढे केला. डेनिसने गळ्यातली चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तशीच माझ्याकडे दिली. "सेक्रेटरीकडे राहू दे. टर्म संपेपर्यंत हिने आत पाऊल टाकायचं नाही."

मी सांगू शकले असते. एकच वाक्य होतं. सर, डबी माझ्या घरची होती, तिच्यात हिंग होता. पण ते म्हणायचं तर हिंग म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं, वास सांगावा लागला असता, गॅरीच्या कानावर गेलं असतं, आणि मग शाळा संपेपर्यंत मी कोण असणार ते ठरून गेलं असतं. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. नऊ दिवस चावी माझ्या ब्लेझरच्या खिशात होती. चालताना मांडीला लागायची.

बाकीच्या दोन रिळांतून सहा प्रिंट निघाले असते. फक्त डार्करूम हवी होती. चौथ्या दिवशी डेनिस मला कॉरिडॉरमध्ये भेटली. "सुल, एक तास. लंचमध्ये. कोणाला कळणार नाही." मी म्हटलं, "सरांना विचारून सांगते." तिने एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं, फोटो काढताना बघायची तसं. मी सरांना विचारलं नाही. सरांसमोर उभी राहिले तर तोंडून सगळंच बाहेर पडेल, अशी भीती वाटत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी वरच्या खिडकीतून तिला येताना बघितलं आणि जिन्यावरूनच आईला खूण केली, मी नाही म्हणून सांग. आईने भुवया चढवल्या, पण सांगितलं. तरी डेनिस गेली नाही. अर्धा तास स्वयंपाकघरात बसली होती. मी वरच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसले होते. खालून बोलण्याची गुणगुण येत होती, आणि मधूनच चिकटपट्टी टरकावल्याचा आवाज.

इंटरव्ह्यूला ती जुने, शाळेच्या खेळांचे फोटो घेऊन गेली. घेतलं नाही तिला. ईस्टरला शाळा सोडली. इस्टेटवर फोटो धुवायच्या कारखान्यात लागली, लोकांच्या स्पेनच्या सुट्ट्या आणि लग्नाचे केक दिवसभर मशीनमधून काढायची. मी रेडिओग्राफी शिकायला गेले. तिथेही अंधारी खोली, तिथेही फिल्म, तिथेही हायपो. बाई ग, त्या वासातून माझी सुटका काही झाली नाही. आईकडून डेनिसची खबर मिळायची. ती आईला भेटत राहिली, कारखान्यातून पिशव्या भरभरून डब्या आणून द्यायची. माझ्या लग्नाला आली, मागे उभी होती. कॅमेरा आणला नव्हता.

शनिवारी ती हिंगाची डबी हातात घेऊन मी आईला म्हटलं, "बाबांनी किती छान नावं घातली होती ग यांच्यावर." बाबा विमानतळावर कार्गोत होते, सामानाच्या चिठ्ठ्यांवर असंच ठळक लिहायचे. आई म्हणाली, "बाबांनी कुठली? ते घरात पेन तरी धरायचे का? डेनिसने लिहिली ती. त्या दिवशी नाही का आली होती, तू वर लपून बसली होतीस तेव्हा. मला म्हणाली, आँटी, यातली हिंगाची कुठली? म्हटलं, एक होती ती पुसून ठेवली होती, सापडत नाही. मग बसली नावं लिहीत. त्या तुमच्या दिवेवाल्या मुलाकडून चिकटपट्टी मागून आणली होती." मी झाकण उलटंसुलटं बघत राहिले. चाळीस वर्षं मी ती अक्षरं बघत आले होते.

"ती येतेच आहे दोनला," आई म्हणाली. "मीच बोलावलंय. तिची व्हॅन आहे. पलंग काय तू गाडीच्या टपावर नेणार आहेस?"

दोन वाजायला वीस मिनिटं होती. मला पळून जाता आलं असतं, दूध आणायला म्हणून. खोटं कशाला सांगू, पर्स हातात घेतलीही होती. तेवढ्यात बेल वाजली. डेनिस लवकर आली होती. केस सगळे पांढरे, कापून बारीक केलेले. तशीच हाडकुळी. मला बघून "सुल" म्हणाली आणि बूट काढून आत आली, घरच्यासारखी. आईच्या गालाला गाल लावला. मग पुढच्या खोलीत स्टुलावर चढून पडद्यांचे हुक काढायला लागली. मी खाली उभी राहून पडदा धरला. डबी माझ्या दुसऱ्या हातात होती, घामाने ओली झालेली.

"डेनिस," मी म्हटलं. "तो हिंग होता. मधल्या डबीत. माझ्या घरचा. मी आणली होती ती डबी."

ती हुक काढत राहिली. एक, दोन, तीन. वरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. ते जाईपर्यंत ती थांबली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "हाताला लागला होता. झाकण लावून ती डबी बाजूला ठेवता आली असती. पण गॅरी विचारत बसला असता, का ठेवली, बघू. दिवा लागला असता तर त्याला पिवळी पूड दिसली असती." तिने हुक माझ्या तळहातावर ठेवले. "म्हटलं, हळूहळू चढवू, निघेल नीट. नाही निघालं."

मी हुक डबीसकट मुठीत धरले.

"त्याचं मला काही नाही, सुल. ते मीच ठरवलं होतं." ती आता स्टुलावरून उतरली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "पण मग मी वाट बघत होते. मला वाटलं, मी तिथे तुझ्यासाठी गप्प राहिले, आता तू माझ्यासाठी बोलशील. रोज वाटायचं, आज बोलेल. घरीसुद्धा आले. तू वर होतीस, तुझे बूट जिन्याखाली होते."

मी माफी मागितली. चाळीस वर्षांत ते शब्द मनात इतके घोळवले होते आणि तोंडातून निघाले ते अगदी साधे, दोनच. तिने मान हलवली. हो म्हणून की राहू दे म्हणून, मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. स्वयंपाकघरातून तेल तडतडल्याचा आवाज आला. आई खुर्चीवरून उठलीच होती शेवटी. ओरडली, "सुलू, हिंग कुठे नेलास? आणि दार लाव, पडदे-बिडदे वासाने भरतील." माझ्या मेल्या भीतीने तिलाही सवय लागली होती.

मी डबी नेऊन दिली. आईने चिमूटभर हिंग तेलात टाकला, तो फुलला, आणि वास सगळ्या रिकाम्या घरात पसरला. डेनिस दारात उभी राहून डोळे मिटून वास घेत होती. मी बाहेर गेले. डिकी उघडली, कोट काढला, आत आणला आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या हुकाला लावला.

आई डाव हातात धरून बघत राहिली. "अगं, वास लागेल त्याला."

"लागू दे," मी म्हटलं, आणि तीन ताटं घेतली.